ऐन

रुवीच्या गल्लीत टायपिंग सेंटरच्या काचेला लागून
माझं टेबल आहे.
बारा वर्षं दुसऱ्यांची नावं लिहितो,
उजवीकडून डावीकडे.

माझं स्वतःचं, चिंतामणी पेडणेकर.
इथल्या लिपीत च नाही, प नाही, ण तर नाहीच.
पहिल्याच कार्डावर मी शिंतामानी बेदनेकार झालो
आणि तसाच राहिलो,
बँकेत, दवाखान्यात, पोलिसांच्या दारात.
कुणी पुकारलं की अर्धा क्षण उशिरा उठतो.

मुलगी झाली तेव्हा म्हणून ठरवलं,
नाव एवढंसं हवं
की मोडायला काही उरू नये.

वैदेही सहाव्या महिन्यापासून यादी करत होती
वाणसामानाच्या बिलांच्या पाठीवर.
पर्णा गेली तिच्या प-पायी.
जुईवर माझा फार जीव,
पण मस्कतची माणसं ज चा ग करतात,
वेलीवरचं फूल गुई झालं असतं.
मीना म्हणालो तर शेजारच्या टेबलावरचा हमूद हसला,
मीना म्हणजे बंदर.
आमची मासोळी, त्यांचा धक्का.
तशी सोयरीक वाईट नव्हती.
उमा वैदेहीनंच खोडलं,
आईनं लेकीला तपाला जाऊ नको म्हटलं, उ, मा,
त्याचं म्हणे नाव झालं.
‘पहिलीच हाक नकाराची कशाला?’

देवगडहून कुमुदताईचा फोन आला.
‘आत्याचा मान माझा. सई ठेवते.
सई म्हणजे मैत्रीण.
तिकडं तिला दुसरं आहे कोण?’
मग थोडं थांबून,
‘आणि सय म्हणजे आठवण.
तेवढी राहू दे.’

सकाळी अर्ज भरायला बसलो.
हमूदनं विचारलं, साध्या अलिफनं की ऐननं?
अलिफनं नुसता आवाज.
ऐननं लिहिलंस तर धाव, खटपट,
माणूस जे करत करत इथवर येतो ते.
‘आणि ऐन म्हणजे?’
‘डोळा. पाण्याचा झराही.’
त्यानं घशाच्या तळातून म्हणून दाखवलं.
मी म्हणून पाहिलं, ठसका लागला.

मग हसूच आलं.
हे पाहुणं आमच्या घरी कधीचंच राहतंय की,
ऐन उन्हाळ्यात, ऐन वेळी, ऐन गर्दीत,
फक्त घसा इथं ठेवून आलेलं.
ही पोरगी जन्मलीच ऐन जुलैत,
पारा अठ्ठेचाळीस,
दवाखान्याच्या दाराची मूठ हातात धरवेना.

बारशाला खोक्याचा पाळणा, कुकरात घुगऱ्या.
गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणेपर्यंत
फोनची रेंज गेली,
कुर्रर्र तेवढं अर्धं पोचलं.
पाठीत गुद्दे मग हमूदच्या बायकोनं घातले,
रीत विचारून, जरा जोरातच.

दाखला आला तेव्हा काचेशी धरून पाहिला.
ऐन एकटं असलं की त्याचं तोंड उघडं असतं.
दोन अक्षरांच्या मध्ये आलं
की एवढीशी गाठ होते,
विसरू नये म्हणून
बायका पदराला मारतात
तसली.