टक्

बॅडेकपासून दोन तासांवर, ब्रा दोरच्या एका खाचेत
नांगर टाकून पडलोय परवापासून.
धुकं एवढं की डोलकाठी अर्ध्यावर संपते,
उरलेली वर असेल असं मानून चालायचं.

लॉखी बोलत नाही. मीही नाही.
साखळीवरून झालं : पंधरा मीटर सोडायची की पंचवीस.
तो म्हणाला, "मर्डीना, तू नेहमीच..."
आणि त्या 'नेहमीच'मागून
आईचं आजारपण आलं, त्याचं हॅलिफॅक्सला राहणं आलं,
मी न विचारता विकलेला पियानोसुद्धा आला.
साठी उलटलेली भावंडं आम्ही,
अबोला धरायला बत्तीस फुटांची बोट.

आज सकाळी शेगडी पेटेना.
ठिणगी पडते, कट् कट् कट्,
पण गॅसचा सुस्कारा नाही.
किटली शेगडीसकट झुलतेय.
बोट कशीही कलली तरी शेगडी आपली सपाट,
घरात एक तरी शहाणं हवंच.

आधी नाक.
प्रोपेन हवेपेक्षा जड, वर जात नाही,
मुकाट खाली उतरतो, फळ्यांच्या खाली,
आणि बसून राहतो एका ठिणगीची वाट बघत.
गुडघे टेकले, फळी उचलली, वास घेतला :
डिझेल, ओला दोर, कधीतरी घरंगळलेला कांदा.
गॅस नाही.

मग मागच्या पेटीतली टाकी. हलवली, जड लागली.
खात्री करायला वरून गरम पाणी ओततात,
ओल जिथे धरते तिथवर गॅस.
गरम पाणी! कुठून आणू?

भांड्यांचा साबण कालवून
जोडाजोडावर ब्रश फिरवला, एक बुडबुडा नाही.
नळीत गॅस कोंडून दहा मिनिटं
काट्याकडे बघत बसले.
काटा तसूभर हलला नाही,
आमच्याच घराण्यातला असावा.

राहिली विजेची झडप.
ती टाकीच्या तोंडाशी, तिचं बटण आत, स्वयंपाकाच्या ओट्यावर.
तांबडा दिवा लागतो, पण दिव्याचं काय,
झडप उघडली तर टक् वाजतं,
नखावर नख मारल्याएवढं.
बटण दाबायला एक माणूस लागतं,
ऐकायला दुसरं.

मी पेटीत डोकं घालून बसून राहिले.
बसूनच राहिले. पाठीवर धुकं ठिबकत होतं.
मग आतून आवाज आला, दोन दिवसांचा गंज चढलेला :

"लावतोय."
"लाव."
"वाजलं?"
"नाही."
"परत. आता?"
"नाही, लॉखी."

नाव घ्यायची गरज नव्हती. निघून गेलं.

तो चाकू घेऊन बाहेर आला,
काळ्या तारेवर बोट ठेवून चालत गेला शेवटापर्यंत.
झाकणाखाली, जिथे ती पितळेला जोडली होती,
तिथे हिरवा बुरा. हात लावला तर तार हातात.

"बॅटरी जरा डावीकडे."
"तुझ्या की माझ्या?"
"एकाच बाजूला बसलोय आपण," तो म्हणाला,
आणि हसला नाही, पण हसण्याची जागा सोडली.

टोक छाटलं, घासलं, नवं टोपण चिमटीत दाबलं,
वर व्हॅसलिन. परत आत गेला.
टक्.

पहिली ज्योत पिवळी, फुरफुरणारी, मग निळी.
बटण दहापर्यंत दाबून धरायचं, नाहीतर विझते.
मी धरलं. तो मोजू लागला,
ऊन, घा, त्री,
आई मोजायची तशी, गेलिकमध्ये,
सातवर अडला.
आठ मी सांगितला.

चहा कडक झाला. डब्यातलं दूध, ओटच्या वड्या.
पियानोचं कोणी काढलं नाही.
साखळी अजून पंधराच मीटर बाहेर आहे,
वारा फिरला तर रात्री कोणाला तरी उठावं लागेल.

शेवटी आधी झडप बंद करायची, शेगडी नाही.
नळीत उरलेलं असतं थोडं,
ते आपोआप जळून जाऊ द्यायचं.
आम्ही दोघं उभे होतो, कप हातात,
ज्योत बारीक होत गेली.