रकाना क्रमांक सात

माझ्या फॉर्मवर सातवा रकाना आहे:
रासायनिक खते व औषधे बंद केल्याची तारीख.

सकाळी उगावला होतो.
भागवत गडाखांच्या बागेत ब्लोअर फिरत होता.
गोडी छाटणीला झालेले चाळीस दिवस, वर ढग,
पानाच्या पोटाशी डावणी.
"अर्धा एकर ठेवलाय तुमच्यासाठी," ते म्हणाले,
घरात देवाला एक कोनाडा ठेवतात, तसा.
तिथं जीवामृताचा ड्रम, झेंडूची ओळ,
आणि पलीकडच्या बांधावरून येणारा वारा,
ज्याला सातबारा वाचता येत नाही.

"सगळंच सोडलं असतं हो.
पण बाग काय एकट्याची असते?
कोल्ड स्टोरेजची असते, पेट्या भरणाऱ्या बायांची असते,
आणि समुद्रापलीकडं कुणीतरी आहे,
त्याला मणी अठरा मिलिमीटरचाच लागतो."

मी तारीख लिहिली. अर्ध्या एकराची.

वणी मागे पडली, मग घाट, मग रेंज.
सुरगाण्याच्या पुढं ओहोळ लागतो,
तिथं गाडी ठेवून चालायचं.
आमच्या ऑफिसातल्या नकाशावर हा सगळा भाग हिरवा आहे.
साहेब पाहुण्यांना बोट लावून दाखवतात:
ही बघा जागृती.
खताचा ट्रक इथूनच वळून जायचा,
हे नकाशात दिसत नाही.

लाहनीबाई भोये खळ्यावर नागली झोडत होत्या.
"बंद कधी केलं?"
"काय बंद केलं?"
"खत. औषध."
काठी थांबली. त्यांनी मला नीट पाहिलं,
न आलेला पाहुणा कधी गेला
असं कुणी विचारावं, तसं.
"राब भाजतो. शेण टाकतो.
धरलंच नाही ते सोडू कसं?"

मी सात नंबरवर रेघ मारली.
पाणी प्यायलो. उठताना सहज विचारलं, पोरं?
"धाकटा द्राक्षात आहे. उगावला.
फवाऱ्याचं मशीन चालवतो."

दारावरच्या फळीवर, बियाण्याच्या कणगीशेजारी,
एक निळी बाटली होती. अर्धी.
"दिवाळीला आणली त्यानं. मालकाकडं उरलेली.
म्हणे, वरईवर मार, बघ कशी येते."

"मारली?"

"अजून नाही," त्या म्हणाल्या.
"झाकण लई घट्ट आहे.
तुमच्यानं निघतं का बघा."