लाल पुठ्ठ्याची वही

कुडचड्याच्या माझ्या दुकानात, काउंटरखाली
लाल पुठ्ठ्याची वही.
तारीख, नाव, डॉक्टर, गोळ्या किती.

इनासियो खाणीवरचा ट्रक चालवायचा,
कंबर गेली रिवणच्या उतारावर.
महिन्याला तीस गोळ्या.
मग वीस दिवसांत तीस.
मग बाराच दिवसांत.

आजची चिठ्ठी मडगावची,
सही जरा घाईची.
सांग्याला शाणूला फोन लावला.
"काल माझ्याकडूनही नेल्या की."

काचेपलीकडे तो घाम पुसत,
"पात्रांव, दुखतंय रे."
खोटं बोलत नव्हता.

मी स्टूल पुढे सरकवलं,
पंखा त्याच्याकडे वळवला,
बायकोचा नंबर विचारला.

नऊ, आठ, दोन, म्हणाला,
आणि पुढचे आकडे
बोटांवर शोधत राहिला.