बासष्ट पूर्णांक तीन

चिलवेरी शेठचा फोन रात्री सव्वादहाला :
"मशीन चालू होईना बे."
पोरीला बे म्हणत नाहीत, हे शेठ दर वेळी विसरतो
आणि मी दर वेळी स्कूटी काढते.

अक्कलकोट रोड, एमआयडीसी. भिंती अजून
दुपारचं ऊन परत करत होत्या.
अपडेट चालू असताना लाइट गेली,
एवढंच झालं होतं.
शेठचा भाचा म्हणाला, फॉरमॅट मारून टाका ना,
आमच्या गावात सगळ्या दुखण्यांवर हा एकच काढा.
मी विचारलं, डिझाइन कुठं ठेवलीत?
डेस्कटॉपवर.
अकरा वर्षांचे टॉवेल, मोर, कोयऱ्या,
बंद पडलेल्या लॉजांची नावं, सगळं डेस्कटॉपवर.
आणि जॅकार्डचं सॉफ्टवेअर टाकून देणारा
इचलकरंजीचा माणूस आता फोन उचलत नाही.

डबा पायांत धरून घरी आणला.

तिसऱ्यांदा बंद-चालू केल्यावर काळी खिडकी उघडली.
तिथं माउस नाही, चित्रं नाहीत,
एक पांढरी रेघ लुकलुकते, तू बोल म्हणते.
तिथं सी सुद्धा सी नसतो, डी होऊन बसतो,
म्हणून आधी विचारायचं, बाबा, तू कोण?
मग चेकडिस्क. मग एसएफसी, स्पेस, स्लॅश, स्कॅननाऊ,
पुढं कुठल्या ड्राइव्हवर ते.
एक स्पेस चुकली तर ऐकत नाही, दोन दिल्या तर चालतं,
माणसांचंही थोडं असंच.

उत्तर आलं :
बिघडलेल्या फायली सापडल्या,
त्यातल्या काही दुरुस्त करता आल्या नाहीत.
मला हे वाक्य आवडतं.
सिव्हिलमध्ये आईच्या वेळी
इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं.

किल्ल्यांच्या जुडग्यातला पेनड्राइव्ह लावला,
त्यात धडधाकट फायलींचा साठा.
डिझम सुरू केलं, ते चाललं
आणि बासष्ट पूर्णांक तीनवर थांबलं.
ते तिथं थांबतंच. नवखा माणूस इथं बटण दाबतो
आणि मग खरंच फॉरमॅट मारावा लागतो.

पावणेतीनला नळाला फुसफुस आली.
पाचव्या दिवसाचं पाणी.
नायना उठला, मी उठले,
बॅरल, घागरी, कळशा, शेवटी तेलाचे डबे,
शेजारच्या वंगारी काकूंची मोटर आमचं पाणी ओढते
यावर नेहमीचं भांडण, अर्ध्या आवाजात.
ओल्या हातांनी आत आले तेव्हा
आकडा शंभर झाला होता.
कधी झाला, पाहायला कोणी नव्हतं.

पुन्हा स्कॅननाऊ. या वेळी सगळं दुरुस्त.
मशीन उठली. मोर होते. कोयऱ्या होत्या.

नायना मागे उभा. चाळीस वर्षं मागावर
तुटलेल्या तारा सांधलेला माणूस,
गाठ दिसली तर ठाण सेकंडात जाई
आणि पगारातून कापलं जाई.
त्यानं पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेलं.
"मुडि एदि?"
गाठ कुठंय?

नसते गाठ, म्हटलं. खराब काढून तसंच चांगलं ठेवतात.
त्याला पटलं नाही.
गाठ नाही म्हणजे जोडलंच नाही
किंवा तू खोटं बोलतेस.

मग मी लॉग उघडला, हजारो ओळींचा.
कुठली फाईल, किती वाजता, काय बदललं.
इंग्रजी त्याला येत नाही.
तो बोट फिरवत खाली खाली गेला,
कापड उलटं करून पाहतात तसा,
मध्येच एका ओळीवर थांबला, मान हलवली, पुढं गेला.
पडद्यावर पाण्याचा एक लांब ओघळ राहिला.

सकाळी शेठ म्हणाला,
नुसतं टायपिंगच तर केलीस बे, तीनशे घे.
पाचशे, म्हटलं.
चारशे आणि एक टॉवेल दिला.
टॉवेल सेकंडातला. गाठ कोपऱ्यात,
नायनानं हात लावताच सापडली.