वायर

विसरवाडीच्या मंडळीत माइकची वायर
पुरुषांच्या सतरंजीपर्यंतच पुरते.
पंचांच्या बैठकीत मीही हात वर केला:
बाईनं उपदेशाला उभं राहू नये.
फुलवंतीबाई दाराशी देवळाच्या किल्ल्या घेऊन उभी.
ऐकलं तिनं.

बार्डोलीला, ऊसतोडीच्या पडावावर
माझी धाकटी गेली,
पाळकसाहेब इकडे, लांब.
हिनंच कोयता खाली ठेवला,
पदराला हात पुसले,
बॅटरीच्या उजेडात शास्त्र उघडलं.
आम्ही गडी टोप्या काढून उभे.
तेव्हा कुणी वचन दाखवून अडवलं नाही.
मीसुद्धा.

काल पाळकांची गाडी चरणमाळ घाटात बंद पडली.
माइक घेऊन मी तिच्याकडे निघालो,
वायर ताणली, पुरेना.
मग सतरंजीच ओढली तिकडे.
दोघं उठून गेले.
बाकीचे
सरकले.