पाच मिनिटं आधी

तेगिदला पाच मिनिटं आधी सोडतात.
घंटेच्या आधी, गर्दीच्या आधी.
रिकाम्या कॉरिडॉरमधून वॉकरची चाकं
कुरकुरत जातात
कोटांच्या खुंट्यांपासून फाटकापर्यंत.
शाळेच्या फायलीत याला 'उपाय' म्हणतात.

मी नेरिस. जेवणाच्या सुट्टीत मैदान सांभाळते.
अंगात पिवळं जाकीट, गळ्यात शिट्टी,
आणि होलिहेडचा वारा असा
की इथे वाजवलेली शिट्टी
आयर्लंडलाच ऐकू जावी.

मार्चमध्ये कुणीतरी त्याचा वॉकर पळवला.
कुणीतरी कसलं, नावं पाठ आहेत मला,
त्यांच्या आयांचीसुद्धा.
वॉकर सायकलींच्या शेडवर, पत्र्यावर,
आणि तेगिद भिंत धरून उभा,
हसत.
ते हसू मला फार लागलं.
आपणही या गमतीत आहोत
असं दाखवायला शिकलेलं
नऊ वर्षांचं हसू.

मग बैठक झाली. चहा, बिस्किटं.
'मनं जपा' असं पोस्टर लागलं,
इतकं उंच
की वाचायला त्यानं मान वर केली
तर तोल जावा.
आणि ही पाच मिनिटं.

काल फाटकाशी तो म्हणाला,
"नेरिस, त्या सीलच्या पिलाचं शेवटी काय झालं?"
कुठलं पिलू रे?
"मिस पॅरीच्या गोष्टीतलं. आणि त्याआधीच्या
दीपगृहवाल्याचं? आणि आंधळ्या घोड्याचं?"

वॉकर ज्यांनी पत्र्यावर फेकला
त्यांना सगळे शेवट माहीत आहेत.

मला पगार फक्त जेवणाच्या तासाचा.
तरी आज तीन वाजता
मिस पॅरीला सांगून, हेडबाईंना न विचारता
खुंट्यांच्या मधोमध स्टूल टाकलं,
विणकाम काढलं, बसले.

घंटा झाली. लोंढा आला.
ग्रिफनं मला पाहिलं, सुया पाहिल्या,
आणि वाटेत सोडलेला पाय आत घेतला.
माझ्या धाकानं घेतला, ठाऊक आहे.
चालेल.
आधी पाय आत येऊ दे,
मनाचं मागाहून बघू.
उद्याही बसेन. लोकर पुष्कळ आहे.

सगळ्यांत शेवटी तेगिद.
कुणाचं तरी दप्तर त्याला घासून गेलं,
जसं सगळ्यांना घासतं, तसं.

"पिलू समुद्रात परत गेलं," तो कुरकुरला,
"एवढंच.
मी याहून बरा शेवट केला असता."