आंदण

सातवी ब, तिसरा तास.
शाळेमागच्या कुळागरात पाडेली चढलाय,
दर दोन वाक्यांमागे एक नारळ पडतो. धप्प.
मी वाचून दाखवते:
"पोर्तुगालच्या राजकन्येच्या विवाहात
मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाले."
धप्प.
मागच्या बाकावरून गौतमी जल्मी विचारते,
"बाई, तिचं नाव काय?"
"कुणाचं? बेटाचं?"
"नाही. जिचं लग्न झालं तिचं."

पुस्तकात नाही ते.
पुस्तकात सन आहे, बेट आहे,
केसांचा टोप घातलेल्या राजाचं चित्र आहे,
त्याला तुम्ही मुलांनी मिशा काढल्यात.

कातारीना.
तिकडे गेल्यावर कॅथरीन.
मला यात नवल नाही. मी बांद्याची कुमुद,
पत्रादेवीचा नाका ओलांडून माशेलात आले
आणि ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलेली
मैथिली झाले.
ते तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजवले.

ती गोव्यात कधीच आली नाही.
पण तिच्या लग्नाचे कागद इथे आले, मांडवीतून वर,
आणि इथल्या व्हाइसरॉयनं हात आखडता घेतला:
बेट देऊ नये, बंदर नामी आहे, पुढे पस्तावाल.
चार वर्षं घोळ.
खलिते गेले, खलिते आले,
वाटेत एकेक पावसाळा खाऊन.
मुलगी देऊ नये, असं कुणी लिहिलं का,
हे शोधण्यात मी मे महिन्याची एक अख्खी सुट्टी घालवली,
पणजीच्या ग्रंथालयात, पंख्याखाली.
शेजारच्या खुर्चीत एक म्हातारे रोज येऊन
वर्तमानपत्रातले निधनाचे फोटो बघायचे.
मला काही सापडलं नाही.
त्यांना मात्र रोज कुणीतरी सापडायचं.

म्हणतात, गलबतातून उतरल्यावर तिनं चहा मागितला
तर त्यांनी बिअर पुढे केली.
खरं-खोटं ते गलबत जाणे.
पण तिच्या तोंडी शब्द 'शा' असणार,
आपल्या चहाचा मावसभाऊ.
पिणं तिचं पाहून दरबार शिकला,
मग वाडे, मग दुकानं, मग सगळा देश.
शब्द मात्र त्यांनी दुसरीकडून आणला.

मूल झालं नाही. राहिलं आणि गेलं,
पुन्हा राहिलं, पुन्हा गेलं.
नवऱ्याला होती, बाहेरची, डझनभर,
त्यांना सरदारक्या मिळाल्या.
हे सातवीला सांगायचं नसतं.

सातवीला हेही सांगायचं नसतं, की इथल्या देवळात,
कृष्णाला कडेवर घेतलेल्या देवकीपुढे,
सासूबाईंनी मला तीन वेळा उभं केलं.
तिसऱ्या वेळी गुरव माझ्याकडे बघेना.
देवकीही मूळची इथली नव्हे,
याच फिरंग्यांच्या धाकानं चोडणहून निघालेली,
मये करून माशेलात पोचलेली.
पण हिच्या कडेवर आहे निदान,
असं मनात आलं
आणि मी जीभ चावली.

विधवा झाल्यावर कातारीना लिस्बनला परतली.
पुढे भाऊ आजारी पडला, युद्ध दाराशी,
तेव्हा म्हातारीनं राज्य हाकलं काही महिने.
बरं हाकलं म्हणतात.
आपल्या धड्यात ती तोवर पोचत नाही.
आंदणापाशीच संपते.

सहामाहीला प्रश्न काढला होता:
मुंबई कोणाला मिळाली? एक गुण.
गौतमीनं तिरक्या अक्षरात लिहिलंय,
"मुंबई कातारीनाबरोबर गेली.
तिला कोणी विचारलं नाही. मुंबईलापण नाही."

रात्रीचे साडेदहा. अजून एकवीस पेपर.
कपावर साय धरलीय.
नियमानं राजाचं नाव हवं.
अर्धा गुण देता येतो,
पण कुठल्या अर्ध्याचा?
पेन तिथेच ठेवून
मी शा पुन्हा गरम करायला उठते.